पंधरा व्होल्ट

सकाळी साडेदहाला मी जामखेडच्या स्टँडवर उतरले, तेव्हा ग्रामसभेला साडेचार तास उरले होते. ऑफिसात येऊन पिशवी ठेवली, लॅपटॉपला अडॅप्टर जोडला आणि बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. हिरवा दिवा लागला नाही, पंख्याचा आवाज आला नाही. बुधवारी संध्याकाळी तो व्यवस्थित चालत होता.

"काय झालं, मॅडम?" मनकर्णाबाईंनी दारातून विचारले.

"सुरू होत नाही."

त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि त्या आत आल्या.

आमची संस्था पुण्याची. तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवणे हे माझे काम. मनकर्णाबाई ऑफिसची झाडलोट करीत, चहा करीत, आणि दर सोमवारी पिंपळदऱ्याच्या खालच्या वस्तीतल्या विहिरीत टेप सोडून पाणी किती फूट खाली आहे ते वहीत लिहीत. वस्ती त्यांचीच. चाळीस घरे, एक विहीर. दोन वर्षांत त्यांचा एकही सोमवार चुकला नव्हता.

आज, दोन ऑक्टोबरला, पिंपळदऱ्याच्या ग्रामसभेत नव्या बोअरची जागा ठरायची होती. वरच्या आळीचे पंच कारभारी यांना ती त्यांच्या मळ्यालगत हवी होती, त्यांच्या जुन्या बोअरपासून पन्नास पावलांवर. तिथे दुसरी बोअर पडली तर खालची विहीर उन्हाळ्यात कोरडी पडणार, असे माझे आकडे सांगत होते. पण वह्या सप्टेंबरात पुण्याला अहवालासाठी गेल्या होत्या आणि गांधी जयंतीमुळे तिथले ऑफिस बंद होते. माझ्याकडे आकड्यांची नक्कल असलेली फ्लॉपी होती. ती घालायला गावात दुसरा एकच कॉम्प्युटर होता, टायपिंगच्या क्लासमध्ये, आणि क्लासचे मालक दसऱ्याला नगरला गेले होते ते अजून आले नव्हते. म्हणजे आकडे होते ते समोरच्या बंद लॅपटॉपमध्ये.

मी जमिनीचा विद्युतरोध मोजायच्या पेटीतून मल्टिमीटर काढला.

"गोरक्षनाथला बोलवू का?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "टीवीवाला. दुकान उघडं हाय त्याचं."

"बोलवा. पण मी मोजतेय तोवर त्यांना हात लावू देऊ नका."

भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोनशे छत्तीस व्होल्ट होते. ठीक. अडॅप्टरवर पंधरा व्होल्ट छापलेले होते, पिनेवर मीटरने पंधरा पूर्णांक दोन दाखवले. म्हणजे अडॅप्टर जळलेला नव्हता. बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरले, बॅटरी परत बसवली. काही नाही. बॅटरी मोजली. साडेदहा हवे होते, सात भरले. ती रिकामी होती, पण त्यात आश्चर्य नव्हते. बुधवारी मी तशीच सोडून गेले होते, आल्यावर चार्ज करू म्हणून.

गोरक्षनाथ आले ते स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच. तिशीतला माणूस, कानामागे पेन्सिल.

"बोर्ड गेला ह्याचा," त्यांनी वरूनच सांगितले. "उघडू का? चारच तर स्क्रू दिसत्यात."

"बोर्ड गेला हे कशावरून?"

"टीवीचं असंच हुतं."

"हा टीव्ही नाही."

"व्हय, टीवी असता तर आतापत्तुर पिच्चर लागला असता," ते म्हणाले, आणि एकटेच हसले. मग मनकर्णाबाईंचे तोंड बघून त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

मी कागदावर दोन ओळी लिहिल्या. अडॅप्टरमधून वीज निघते. लॅपटॉपमध्ये ती पोचत नाही. बिघाड या दोहोंच्या मध्ये आहे, किंवा आत आहे. आत बघण्याआधी मधले बघायचे.

"गोरक्षनाथ, तुमची बॅटरी द्या जरा."

त्यांनी खिशातली टॉर्च दिली. मी अडॅप्टरचा प्लग लॅपटॉपच्या मागच्या खाचेत पुन्हा घातला आणि बाजूने उजेड टाकला. प्लगचे काळे टोक रोज कडेला टेकायचे. आज मध्ये चकचकीत धातूची बारीक कडी दिसत होती. ती मी दीड वर्षात कधी पाहिली नव्हती. दोन मिलिमीटर असेल. दाबले तरी प्लग पुढे जाईना.

प्लग काढून, बॅटरी काढून, खाचेत उजेड टाकला. मधल्या बारीक पिनेच्या बाजूला तळाशी काहीतरी अडकले होते. लालसर.

"सुई आहे का?"

मनकर्णाबाईंनी पदराची पिन काढून दिली. पिनेने मी ते कडेकडेने सैल केले, लॅपटॉप उलटा धरून टिचकी मारली. टेबलावर तांदळाचा एक दाणा पडला. फुगलेला, कुंकवाने लाल, अख्खा.

गोरक्षनाथ वाकून बघत म्हणाले, "अक्षता?"

मी टेप गुंडाळायच्या चाकाकडे पाहिले. त्याच्या कडेला पुसायचा राहिलेला कुंकवाचा ठिपका होता. होकायंत्राच्या डबीवर हळदीची बोटे होती.

"मनकर्णाबाई?"

त्या खाली बघत होत्या. "काल दसरा न्हवता का. समद्यांची हत्यारं पुजत्यात. टेप पुजली. होकायंत्र पुजलं. मग म्हनलं, हेच कसं सोडायचं? आमची हीर तर ह्याच्यातच हाय."

"आणि ठेवला कसा होता?"

"फोटूवानी. भितीला टेकवून, उभा."

म्हणजे बिजागरीची बाजू वर, आणि खाच आभाळाकडे.

"तुमच्यात करत न्हाईत, म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हनून समदं पुसून ठिवलं. तुमाला आवडंल न आवडंल."

दसऱ्याचा दिवस आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तनाचा. मी राहात्याला, आईवडिलांकडे, विहारात होते. यंत्राला हळदकुंकू लागलेले मी जन्मात पाहिले नव्हते, त्यामुळे ते शोधायचे माझ्या डोक्यातही आले नसते. राग आला, नाही असे नाही. पण त्यांनी माझ्यापासून लपवले ते माझा विचार करून, आणि पूजा केली ती विहिरीचा विचार करून. यात रागाला जागा कुठे करायची ते मला कळेना.

"तांदूळ तुटका असता तर घरंगळून बाहेर पडला असता," मी म्हणाले.

"तुटका कसा चालंल?" त्या चटकन म्हणाल्या. "अक्षता अख्खीच लागती."

गोरक्षनाथांनी तोंडावर हात ठेवला.

कापसाला स्पिरिट लावून मी खाच पुसली, कोरडी होऊ दिली. बॅटरी बसवली, प्लग घातला. कडी दिसेनाशी झाली. बटण दाबले. दिवा हिरवा झाला, पंखा घरघरला. सव्वाबारा वाजले होते. मनकर्णाबाई पायरीवर जाऊन बसल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

दोन वाजेपर्यंत चार्ज करून आम्ही जीपने पिंपळदऱ्याला गेलो. सभा शाळेत भरली. वीज नव्हती. भरली बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटे टिकत असे. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून लॅपटॉप चौथीच्या वर्गात ठेवला. लोक बाकांमधून दाटीने उभे राहिले.

"मॅडम, ह्या डब्यात रामायन बी दिसतं का?" कारभारी म्हणाले. काही लोक हसले.

"फक्त विहीर दिसते," मी म्हणाले. "ही रेघ पाण्याची. खाली गेली की पाणी आटले. मनकर्णाबाई, एप्रिलचे वाचा."

त्या पुढे आल्या. पडद्यावर बोट न टेकवता, एकेक आकडा मोठ्याने वाचला. "सहा एप्रिल, एकतीस फूट. तेरा एप्रिल, एकोनतीस. वीस एप्रिल, सत्तावीस. सत्तावीस एप्रिल, परत तीस."

"म्हणजे भर उन्हाळ्यात पाणी चार फूट वर आले," मी म्हणाले. "पाऊस पडला होता?"

लोकांनी नकारार्थी माना हलवल्या.

"आन् विहिरीवर गर्दी तेवढीच हुती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग एप्रिलात झालं काय?"

मागून एक म्हातारे म्हणाले, "कारभारी, तुमची मोटर जळाली हुती का नाय तवा? तुमी तर माझ्याकडून पानी नेत हुता."

कारभारींनी टोपी काढली, परत घातली. रेघेकडे बघत राहिले. पंधरा दिवस वर चढलेली आणि मग पुन्हा घसरलेली.

"व्हय," ते म्हणाले. "हनुमान जयंतीच्या आधी जळाली. पंधरा दिस वायंडिंगला हुती." "माझीच मोटर खालच्या हिरीचं पानी ओढती म्हना की."

त्यानंतर बोलणे बराच वेळ चालले, भांडणही झाले. शेवटी बोअरची जागा ओढ्याच्या पलीकडे, गायरानात ठरली आणि ठरावात तसे लिहिले गेले. सही करताना कारभारी म्हणाले की तिथे पाणी न लागल्यास मॅडमला जाब विचारू. मी म्हणाले, जरूर विचारा. तेवढ्यात बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला.

परत येताना लॅपटॉप मनकर्णाबाईंच्या मांडीवर होता. रस्ता खराब होता, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

"मॅडम, पुढल्या साली पुजू का नको?"

"पुजा," मी म्हणाले. "पण आडवा ठेवून."

त्यांनी थोडा विचार केला. "आन् अक्षता?"

"अक्षता टेपला."

"मंग ह्याला नुसतं फूल," त्या म्हणाल्या, आणि पिशवीची चेन नीट लावून घेतली.