पोयाच्या माश्या आणि किसनरावांची तूर

अन्नपूर्णाने ओट्यावर मरून पडलेल्या माश्या कागदावर गोळा केल्या आणि तो कागद हातात धरूनच ती बांध ओलांडून शेजारच्या तुरीत शिरली. किसनराव पाठीवरचा पंप उतरवून पाणी पीत होते. तिने कागद त्यांच्यापुढे उघडला. माश्या काळ्या, तिळाएवढ्या.

"किसनभाऊ, हे तुमच्या फवाऱ्यानं झालं."

शेंगांत अळी पडली आहे, फवारल्याशिवाय भागणार नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं नाही. या पोयाच्या माश्या, म्हणजे बारीक मधमाश्या; त्यांना डंख नसतो. पवनारच्या रस्त्यासाठी जुना कडुनिंब पाडला, तेव्हा त्याच्या ढोलीतलं त्यांचं घर तिने अख्खं काढून ओट्यावरच्या लाकडी पेटीत बसवलं होतं. आता पेटीखाली रोज सडा पडत होता. गावात तिने हे चारचौघींना सांगितलं. किसनराव मुद्दाम करतात, असंही एकदा तिच्या तोंडून गेलं. ते त्यांच्या कानावर आलं असावं. कारण त्यांनी फवारणी थांबवली.

माश्या मात्र मरतच राहिल्या.

हा माणूस लपून फवारतो, असं तिला वाटू लागलं. येता-जाता ती बांधावरची पानं हुंगून पाही. एकदा साखर मागायच्या निमित्ताने ती त्यांच्या पडवीत जाऊन आली. पंप कोपऱ्यात होता. कोरडा. नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं.

त्या दुपारी ती पेटीजवळच बसून राहिली. माश्या तुरीकडे जात नव्हत्या. घराला वळसा घालून मागच्या गोठ्याकडे जात होत्या. ती मागोमाग गेली. गोठ्याच्या नव्या दाराला अंकुशने, तिच्या नवऱ्याने, वाळवीचं औषध तेलात मिसळून फासलं होतं. उन्हाने ते चिकट झालं होतं. झाडाचा डिंक खरवडावा तसं माश्या ते खरवडत होत्या आणि घर लिंपायला पायांवर घेऊन जात होत्या.

औषध लावायचा हट्ट तिचाच होता.

अंकुशने दार काढून कुलूपबंद खोलीत ठेवलं. ती किसनरावांना सांगायला निघाली तेव्हा तो म्हणाला, "त्याईले काऊन सांगतं? आता नाई मरत माश्या. झालं."

ती गेली. किसनराव झाडाखाली चवाळं अंथरून तुरीचं झाड हलवत होते. टपाटप अळ्या पडत होत्या. निम्म्या शेंगांना भोकं होती.

"भाऊ, माश्या माह्याच दारानं मेल्या. वाळवीचं औषध मीच लावाले लावलं होतं. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

किसनरावांनी हातातलं झाड सोडलं नाही. ते झाडून झाल्यावर पुढच्या झाडाकडे सरकले. ती उभीच होती.

"माश्या पेटीत वापस कवा येते?" त्यांनी विचारलं.

"दिवस बुडाच्या आंधी."

"मंग आज दिवस बुडल्यावर मारतो फवारा. तवरोक हे धरा."

तिने पदर खोचला आणि चवाळ्याचं दुसरं टोक धरलं. ओळ संपेपर्यंत त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.