वाहनात असलेली बाई

"बाई, तुम्ही चालत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरची स्क्रीन तिच्याकडे वळवली.

भिंगरी खुर्चीच्या काठावर बसली होती. पाठ टेकून ती कुठल्याच खुर्चीत कधी बसली नव्हती. पाणीपुरवठा कार्यालयात एकोणीस वर्षं घरोघर जाऊन मीटरचं रीडिंग घेणारी ही बाई. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आधी सगळे म्हणायचे. मग बाकीचं वाक्य गळालं आणि नुसती भिंगरी उरली. आता चौपन्नाव्या वर्षीही तेच नाव चालू होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

स्क्रीनवर तिचा अख्खा महिना रंगवून ठेवला होता. हिरवं म्हणजे चालणं, पिवळं म्हणजे उभं राहणं, लाल म्हणजे वाहनात. तिचा महिना लालभडक होता.

साहेबांनी समजावून सांगितलं. ऑफिसने दिलेला फोन आता साधा फोन राहिलेला नाही. माणूस कुठे आहे, बसलाय की उभा, चालतोय की गाडीवर, हे त्याचं त्याला कळतं आणि तसा तो वागतो. कर्मचारी चालत मीटरपाशी पोचला की त्या घराचं पान आपोआप उघडतं. गाडीवर असला की अपघात नको म्हणून पान बंद. साहेब तिच्याहून बरेच लहान, माणूस वाईट नव्हे, पण हे सांगताना फोन जणू त्यांच्याच पोटी जन्मल्यासारखा चेहरा झाला होता.

"माझ्याकडे गाडी नाही, साहेब. सायकलसुद्धा नाही."

"मग कुणाच्या तरी मागे बसून जात असाल."

भिंगरीचा नुसता चडफडाट झाला. दोन वर्षांपूर्वी ती एका घराच्या जिन्यावरून पडली होती. कंबरेचं हाड जुळलं, पण डावा पाय उचलेना. तेव्हापासून उजवं पाऊल टाकायचं आणि डावं मागून फरफटत आणायचं, अशी तिची चाल झाली. फोनला ओळख दोन पायांच्या ठेक्याची. एक धप आणि एक फर्र, असलं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पावलं तर दिसत नाहीत, जागा तर बदलतेय, तेव्हा त्याने आपल्या अकलेने ठरवलं की बाई वाहनात आहेत. तिने खिसे बदलून पाहिले, पिशवी बदलून पाहिली, फोन आपल्या मताशी ठाम होता. मग प्रत्येक दारात तीन मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं, तेव्हा कुठे महाराज वाहनातून उतरायचे आणि पान उघडायचं. जिला शाळेत बाकावर बसवत नव्हतं तिला दिवसातून साठ वेळा पुतळा होणं म्हणजे शिक्षाच होती.

त्या फर्र आवाजाची तिला मनातून लाज वाटायची. फेरीतल्या लोकांना मात्र तो सवयीचा झाला होता. शेवटच्या गल्लीत एक म्हातारे घड्याळजी एकटे राहायचे. आयुष्यभर बारीक चाकं बघून त्यांची नजर गेली होती. मागच्या वर्षी पाणीखात्याचे म्हणून एक बाई आणि एक माणूस आत शिरले आणि कपाट साफ करून गेले. तेव्हापासून लेकीने बजावलं होतं, कुणालाही दार उघडायचं नाही. भिंगरी फाटकात शिरली की मात्र बेलला हात लावायच्या आत कडी निघायची आणि घड्याळजी म्हणायचे, "ये गं पोरी, सात मिनिटं उशीर."

साहेबांनी शेवटी अट सांगितली. पुढच्या सोमवारी ते स्वतः फेरीला येणार. त्या दिवशीची पट्टी हिरवी निघाली तर फेरी तिचीच. एकदा जरी लाल उमटलं तरी तक्ता आपोआप वर जाणार, त्यांच्या हातात काही नाही. मग तिला तक्रारखिडकीवर बसून काम.

"पायाच्या दृष्टीने तेही बरंच," ते म्हणाले, आणि ते खरोखर मनापासून म्हणाले.

बाहेर आल्यावर सहकाऱ्यांनी तोडगे सुचवले. एकजण चहाच्या टपरीवर बसून मांडीवर फोन हलवत राहायचा आणि रीडिंग अंदाजाने ठोकायचा. दुसऱ्याने तर कमाल केली होती. त्याने फोन गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता, आणि तो कुत्रा मागच्या महिन्यात चालण्यात सगळ्या कार्यालयात पहिला आला होता. भिंगरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण घरी जाताना तिला राग आवरेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. खरं चालणाऱ्या बाईने चालण्याचं नाटक करायचं? तिने ठरवलं, नाटक नाही. फोनला हवी तशी चालच शिकायची.

स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अकरा पावलं होती. आठ दिवस ती तेवढ्या जागेत येरझारा घालत राहिली. डावा गुडघा हाताने धरून वर उचलायचा, टाच दाणकन टेकवायची, पुन्हा उजवा. कंबरेतून कळ थेट दातांपर्यंत जायची. चौथ्या दिवशी फोनवर पहिल्यांदा हिरवा ठिपका आला. सहाव्या दिवशी हात न लावता गुडघा उचलला.

तिची लेक दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. ती हे सगळं बघत होती आणि धुसफुसत होती.

"घे ना ती खिडकी. मी दिवसभर बसते, मी मेले का?"

"तुला बसता येतं," भिंगरी भिंत धरून म्हणाली. "पडले तेव्हा चार महिने छत बघितलं मी. आता खुर्चीतून भिंत बघत बसू?"

लेकीने दुखण्याची गोळी आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि वाटेतली चटई उचलून घेतली.

सोमवारी साहेब नवे बूट घालून आले. भिंगरी चालली. उचल, टेकव, उचल, टेकव. साहेबांच्या हातातल्या टॅबवर पट्टी हिरवी होत गेली. दारापाशी पोचली की पान उघडत होतं, उभं राहावं लागत नव्हतं. तिसाव्या घरापर्यंत तिचा कुडता पाठीला चिकटला. चाळिसाव्या घरी साहेबांनी विचारलं, जरा थांबायचं का? ती नको म्हणाली. आपण थांबलो तर पुन्हा पाय उचलणार नाही, हे तिला माहीत होतं. सत्तावन्न घरं झाली तेव्हा साहेब बुटांमुळे लंगडत होते आणि ती नव्हती.

अठ्ठावन्नावं घर घड्याळजींचं.

ती फाटकातून आत गेली. उचल, टेकव. दारापर्यंत पोचली तरी कडी निघाली नाही. तिने बेल वाजवली.

"कोण?"

"पाणीमीटर, बाबा. मीच आहे."

"आवाज कुणालाही काढता येतो. मागच्या वर्षी आलेली बाईपण असंच म्हणाली होती," आतून आवाज आला. "आमची बाई असती तर मला फाटकापासून कळलं असतं. तुम्ही जा."

भिंगरीने दोनदा आपलं नाव सांगून पाहिलं. म्हातारा बधेना, उलट त्याचा आवाज थरथरायला लागला. तो घाबरला होता, तिला घाबरला होता.

"बंद घर टाका आणि पुढे चला," साहेब हळू आवाजात म्हणाले. "दोनच राहिलीत. सगळं हिरवं आहे, बाई."

एकोणीस वर्षांत आत माणूस असताना तिने कुठलंच घर बंद म्हणून टाकलं नव्हतं. ती दारात उभी राहिली. साठपैकी सत्तावन्न घरं, आठ दिवसांच्या कळा आणि भिंतीसमोरची खुर्ची, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

मग ती वळली, फाटकाबाहेर थेट वीजखांबापर्यंत गेली आणि तिथून आपल्या चालीने परत आली. धप, फर्र. धप, फर्र. पायाला इतकं सुख आठ दिवसांत झालं नव्हतं.

ती अर्ध्या वाटेवर होती तेव्हाच कडी निघाली.

"ये गं पोरी," घड्याळजी दार धरून म्हणाले. "आज चाळीस मिनिटं उशीर. आणि आत्ता कुणी आलं होतं बघ, तुझं नाव सांगून."

"गेले ते," भिंगरी म्हणाली.

तिच्या हातातला फोन थरथरला. आपण वाहनात आहात, नोंद करता येणार नाही. साहेबांच्या टॅबवर हिरव्याच्या टोकाला लाल उमटलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. बोटाने पुसून पाहिलं, तरी ते जाईना.

भिंगरीने आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि ती आत गेली. मोरीपाशी वाकून तिने मीटरचं झाकण उघडलं, काच अंगठ्याने पुसली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा वाचला.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. जवळ कागद नव्हता, म्हणून त्यांनी ते आकडे तळहातावर लिहून घेतले.