मुकादमाच्या वाटीतलं दूध

थोरल्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी धुलाई कारखान्याच्या जेवणघरात मुकादमाने कॅलरीचा तक्ता टांगला. बायका नुसत्या उभ्या राहून इस्त्री करतात, त्यांना एवढं कशाला, असं म्हणत त्याने त्यांचं ताट निम्मं केलं. दोघी बहिणी तिथेच कामाला होत्या. थोरलीला दिवस गेले होते. तिने डावभर भात जास्त मागितला.

"तक्त्यात पोटातल्याचं नाव नाही, बाई," मुकादम म्हणाला. पुरुषांच्या पंगतीत हशा पिकला.

पुढे ती वाफेच्या इस्त्रीपाशी कोसळली, ती उठलीच नाही. धाकटी तो हशा विसरली नाही.

धाकटी नंतर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. बऱ्याच वर्षांनी बॉयलर फुटून भाजलेला मुकादम तिथेच दाखल झाला. त्याला दुप्पट आहार द्यायचा होता. ती मात्र पाणी घातलेलं दूध अर्धी वाटी पाठवी. रोज सकाळी दारातून त्याचे खोल गेलेले गाल बघे, आणि तिला बरं वाटे.

आहार ठरवणाऱ्या ताईंना धाकटीने बहिणीची आणि मुकादमाच्या तक्त्याची हकीकत सांगितली होती. त्यांनी एकदा ते दूध चाखलं. त्या ओरडल्या नाहीत. धाकटीला खाटेपाशी नेऊन तिचा हात त्याच्या कपाळावर ठेवला. कपाळ तापलेलं होतं.

"पडून असतो. त्याला काय लागतं?" धाकटी म्हणाली.

"अगं, कॅलरी म्हणजे आच. लिटरभर पाणी एका अंशाने तापवेल एवढी आच, ती आपल्या जेवणातली एक कॅलरी. शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात. भाजलेलं शरीर नवी कातडी घडवताना झोपल्या जागी भट्टीसारखं जळतं. जळण मिळालं नाही, तर स्वतःचं मांस जाळतं. पोटुशीचंही तसंच."

"म्हणजे माझ्या बहिणीने..."

"हो. आणि आता तो तक्ता तू टांगला आहेस."

धाकटीने कपाळावरून हात काढून घेतला. ज्याचा जन्मभर द्वेष केला, त्याचीच नक्कल! ती आत गेली, घट्ट दुधाची वाटी काठोकाठ भरून आणली आणि स्वतः चमचा धरला.

"पी. हे माझ्या बहिणीच्या वाटचं आहे. भात मागितला होता तिने, आठवतं?"

मुकादमाने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याला आठवलं. तो रडत रडत प्यायला. तिने माफी दिली नाही, पण त्यानंतर वाटी कधी अर्धी गेली नाही.

वाचकहो, माफ करा असं सांगायला मी बसलेलो नाही. पण सूड कोणाच्या ताटावर उगवू नका. कॅलरी हे जळणाचं माप आहे, माणसाच्या लायकीचं नव्हे.

मुकादम बरा झाला आणि सात वर्षांनी आपल्या घरी वारला. थोरली बहीण लग्नाच्याच वर्षी, थंडीत, पोटातल्या बाळासह गेली.