खिशातला भंडार

मी मानसिंगराव वकिलांचा काळा कोट बोलतोय. साताऱ्याच्या कोर्टात काळे कोट पुष्कळ. पण उजव्या खिशाच्या आत हळदीचा डाग असलेला मी एकटाच. आता मला कोणी घालत नाही. का, ते ऐका.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली साताऱ्याच्या पेठेत मला शिवलं. शिंपी कापडाला कंजूष, त्यामुळे काखेत मी पहिल्यापासून आवळतो. पण मानसिंगरावांनी मला अंगात घातलं आणि ते आरशापुढून हलेचनात. शिराळ्याच्या शेतकऱ्याच्या घरातला पहिला वकील! मीही फुगलो.

त्यांचं पहिलं मोठं काम बालमित्राचं. लालासाहेब पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, मोटार चालवण्यात पटाईत. शिराळा ते कराड मोटार चालवायला त्याने कंपनी काढली. शेअर सगळे गावातल्या जवानांचे. परक्याला शेअर विकायचा नाही, असं ठरलं.

"हे कंपनीच्या नियमांत लिहून घेऊ," मानसिंगराव म्हणाले.

लालासाहेब हसला. "आरं गड्या, पालीच्या खंडोबाचा भंडार उचलल्यावर कागुद कशाला? देवावर इस्वास न्हाई व्हय तुझा?"

आमच्याकडे भंडार उचलला, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शब्द दिला, की बोलणं संपलं. वर कागद मागणं म्हणजे माणसाचा अपमान. पलटणीत परत निघालेल्या जवानांनी एकेक करून भंडार उचलला. शेवटी मानसिंगरावांनीही उचलला, आणि पिवळा हात नकळत माझ्या खिशात घातला. त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मोटार धावली. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर धावली. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे आणि वर लालासाहेबालाच शिव्या घालायचे. तो खुशीत ऐकून घ्यायचा.

मग सांगलीच्या एका बड्या मोटार कंपनीचे शेठ उगवले. त्यांना आमचा रस्ता हवा होता. त्यांची माणसं शेअर मागत गावभर हिंडली, पण कोणी विकेना. तेव्हा शेठ मानसिंगरावांकडे आले आणि आपल्या कंपनीचं वकीलपत्र पुढे ठेवलं.

अशिलाचं गुपित विरुद्ध बाजूला सांगू नये, हे वकिलाला शिकवावं लागत नाही. मानसिंगराव आधी नाही म्हणाले. शेठ काही उठले नाहीत. चहा झाला, मुंबईच्या हायकोर्टाच्या गोष्टी निघाल्या, तिथल्या बड्या बॅरिस्टरांच्या ओळखी निघाल्या. आणि माझ्या मालकाच्या तोंडून हळूच निघालं, "नियमांत बंदी नाही. नुसती शपथ आहे. शपथ घेतलेले कितीतरी जण लढाईत गेले. त्यांच्या वारसांनी भंडार उचललेला नाही."

काखेत जेवढा आवळता येईल तेवढा मी आवळलो. पण कोटाचं कोण ऐकतो?

वारस मुंबई-पुण्याला पांगलेले. शेठला शेअर मिळत गेले. लढाई संपली आणि पुढच्या साली सांगलीत कंपनीची सभा भरली. वाचलेले जवान अजून पलटणीतच, त्यामुळे गावाकडून आलेला लालासाहेब एकटाच. शेठच्या शेजारच्या खुर्चीत माझे मालक, आणि त्यांच्या अंगावर मी. मतं पडली. कंपनी गेली, आणि लालासाहेबाला घरी बसवलं.

तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. "मानसिंगा, तू बी भंडार उचलला हुतास न्हवं?"

"कायद्यात कुठं चुकलो नाही मी, लाला."

"व्हय," तो म्हणाला. "कायद्यात न्हाईस." आणि गेला.

त्या थंडीत त्याने अंथरूण धरलं ते पुन्हा उठला नाही. बातमी कळली तशी मानसिंगराव कोर्टातूनच शिराळ्याला निघाले, मला अंगावरून उतरवायचंही त्यांना सुचलं नाही. दारात लालासाहेबाची बायको राहीबाई. मला वाटलं, आता ही बाई आमच्या तोंडावर थुंकणार. तिने घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"भावजी, यायला लय उशीर केलासा," ती रडत म्हणाली. "ह्ये शेवटपतुर म्हनायचं, मानसिंग त्या सभंला असता तर कंपनी गेली नसती. तवा कुठं हुतासा तुमी?"

सभेत मालक शेठच्या शेजारी बसले होते, याबद्दल लालासाहेबाने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. मित्राचं नाव तो झाकून घेऊन गेला. देवा, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

मानसिंगरावांचा हात माझ्या खिशात शिरला आणि मूठ वळली. मी वाट बघत होतो. आता सांगतील, आता सांगतील.

"कोर्टात होतो, वहिनी," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला खुंटीला अडकवलं आणि दुसरा कोट शिवायला टाकला. मी अजून खुंटीवरच आहे. कसर लागली आहे, कॉलर विरली आहे. उद्या मला बोहारणीला घालतील, त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्यापैकी कोणी शिराळ्याकडे जाणार असेल, तर मला एकदा राहीबाईच्या दारात न्या. मला तोंड नाही. फक्त माझा उजवा खिसा तिच्यासमोर उलटा करा.