पऱ्हाटीच्या चिमट्याचा खाना

मी चिमटा बोलतोय. पापड भाजायचा नव्हे. कमरेएवढा, लोखंडी, कापूस वेचून झाल्यावर उभ्या पऱ्हाट्या मुळासकट उपटायचा. सध्या शहागंजातल्या एका दुकानात खिळ्याला लटकतोय आणि दातांवर गंज चढतोय.

मला घडवलं याच दुकानाच्या निजामुद्दीनभाईंनी. जन्मभर पंप आणि कडबा कुट्टीची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. कन्नड तालुक्यातल्या चंपाबाई एकदा विळ्याला धार लावायला आल्या, तेव्हा पऱ्हाट्या उपटून त्यांचे तळहात फाटले होते. भाईंना ते बघवलं नाही. पहिले तीन चिमटे वाकले. चौथा मी. चंपाबाईंनी मला शेतात वापरून पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "भाई, हाताला बरं झालं, पण कंबर लई धरती. पाय द्यायला कायतर लावा की."

भाईंनी खाली एक झुलती पट्टी जोडली. तिच्यावर पाय दिला की झाड आपसूक वर येई.

माझ्यासारखीच आणखी भावंडं घडवून विकायचं ठरलं. पण त्याआधी भाईंनी पेटंट काढायचं मनावर घेतलं. आयुष्य दुसऱ्यांच्या यंत्रांत गेलं, आपल्या नावाची एक तरी वस्तू असावी, एवढीच त्यांची हौस.

त्यांची लेक युसरा संगणकापुढे बसली. असं काही आधी कुणी केलंय का, हे बघायला तिनं इंग्रजीत कापूस आणि चिमटा हे शब्द टाकले. समोर आले दवाखान्यातले कापसाचे बोळे धरायचे चिमटे! बापलेकीची हसून हसून पुरेवाट झाली. जगात आपल्यासारखं कुणी केलंच नाही, या भरवशावर अर्ज गेला आणि माझी भावंडं आठवडी बाजारात विकली जाऊ लागली. मीही फुशारलो, खोटं कशाला सांगू?

दीड वर्षानं नकाराचं पत्र आलं. पेटंटच्या दप्तरात वस्तू नावानं नव्हे, कामानं लावतात, हे तेव्हा कळलं. प्रत्येक कामाला अक्षर-आकड्यांचा एक खाना. माझा खाना ‘ए झीरो वन बी’ पासून सुरू होत होता: शेतीची अवजारं, त्यात हातानं चालवायची, त्यात मुळं उपटायची. युसरानं तो उघडला. एकामागून एक माझीच चित्रं. एक तर चाळीस वर्षांपूर्वीचं. नावं निराळी, जबडा माझाच. पहिल्याच दिवशी तिथं डोकावली असती तर सगळं एका दुपारीत कळलं असतं. भाऊबंद भेटले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण भाईंकडे बघवत नव्हतं.

युसरा पुन्हा पुन्हा चित्रं बघत राहिली. मग म्हणाली, "अब्बा, अशी पट्टी कुणालाच नाय. अर्जात का नाय लिहिली?"

"ती मेरी कुठं, बेटा? चंपाबाईची ना."

दोघांच्या नावानं लिहिता आली असती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता बाजारात मांडून इतके दिवस झालेली पट्टी नवी कशी ठरणार? भाईंनी कागद गुंडाळले आणि मला खिळ्याला अडकवलं.

तुम्ही काही घडवलंत तर बाबांनो, आधी त्याचा खाना शोधा. आणि कुणी एखादी पट्टी सुचवली तर तीही लिहा, सुचवणाऱ्याच्या नावासकट.

परवा चंपाबाई त्यांचा चिमटा, माझंच एक भावंड, घेऊन आल्या. पट्टी झिजली होती. भाईंनी नवी बसवली आणि तिच्यावर छिन्नीनं सावकाश अक्षरं कोरली.

"काय लिव्हलं, भाई?"

"तुमचं नाव."

भांड्यांवर घालतात तसं, चोरीला जाऊ नये म्हणून घातलं असेल, असं समजून चंपाबाई चिमटा खांद्यावर टाकून निघून गेल्या.