पडद्यावरचा उलटा चार

त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि असती तरी काय उपयोग? मायक्रोस्कोपला उजेड चालत नाही, पेशींना थंडी सोसत नाही. मग काळा पडदा ओढून सदतीस अंशांच्या उकाड्यात माणसानंच उकडून निघायचं! प्रयोगशाळेत सगळे तिला ‘पेटीतली’ म्हणत. पाच वर्षं ती या पेटीतच होती.

काम एकच. चेतापेशीच्या लांबलचक तंतूतून ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका ये-जा करतात. त्यांतल्या किती टोकाकडे निघाल्या आणि किती परतल्या, ते मोजायचं. अख्खी पेशी संगणकाच्या पडद्यावर मावत नाही, म्हणून इथला रिवाज असा, की आधी मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशीचं अंग, म्हणजे तिचा मुख्य गोळा, नेहमी डावीकडे धरायचं आणि तंतूचं टोक उजवीकडे; मग पडद्यावर जी कणिका उजवीकडे सरकेल ती टोकाकडे निघालेली. निरोगी पेशींत बहुतेक कणिका टोकाकडे जातात, आजारी पेशींत माघारी फिरतात, हा तिचा शोध. आज चार वाजता तिचे मार्गदर्शक सर शोधनिबंध छापायला पाठवणार, की सुटका!

"शनिवारी नक्की घरी येते, आई," तिनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

"पाच वर्षं हेच ऐकतेय गं बाई," आई म्हणाली होती. पण आवाजात हसू होतं.

शेवटचं एक चित्र तेवढं राहिलं होतं. पेशी वाढवायच्या साध्या बशा संपल्या, म्हणून तिनं तळाला आकडे कोरलेली काचेची बशी घेतली. संगणकाच्या पडद्यावर चार उमटला, तो उलटा, आरशात दिसावा तसा. तिनं घाईनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. तिथे चार चांगला सरळ होता.

पडद्यावर चित्र पाठवणारा हा कॅमेरा नवा. निरोगी पेशी जुन्या कॅमेऱ्यावर मोजल्या होत्या, आजारी सगळ्या या नव्यावर. म्हणजे डावं-उजवं उलटलेलं! कुणी माघारी फिरत नव्हतं. आजारी पेशींतही कणिका निमूट टोकाकडेच जात होत्या. कसला शोध न् कसलं काय!

ही बशी फेकून दिली, तर कुणाला कळणार होतं? हात पुढे गेलाही. स्वतःचीच लाज वाटून तिनं तो मागे घेतला.

"झालं का गं? पाठवू?" सरांनी दारावरच्या काळ्या पडद्याआडून विचारलं.

"आत या, सर."

सरांनी संगणकाचा पडदा पाहिला, मग मायक्रोस्कोपला डोळा लावून पाहिलं, मग पुन्हा तो पडदा. ते स्टूल ओढून बसले. "कॅमेरा मीच बसवला होता," ते म्हणाले. "पहिल्यापासून मोजावं लागेल."

तेवढ्यात आईचा फोन आला. "शनिवारी कितीची गाडी?"

"मी येत नाही, आई."

आईनं एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

त्यावर मात्र तिला हुंदका आवरला नाही.