बेचाळीस की दोनशे बावन्न

गणितात मताला किंमत नसते, सत्य एकच असते. तक्रार समितीच्या खोलीत हे वाक्य चौकटीत घालून टांगले होते. मतदान त्याच्याच खाली चालायचे.

समितीतल्या गणिताच्या बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. टेबलावरचे मेणकापड इतके चिकट होते की हात उचलताना चर्र आवाज यायचा. शेजारचे सदस्य पेनाच्या टोपणाने कान कोरत होते आणि निघालेला माल उजेडात धरून पाहत होते. इतक्या बारकाईने त्यांनी उत्तरपत्रिका कधी पाहिली नव्हती.

तक्रार एका मुलीची होती. प्रवेश परीक्षेतला प्रश्न असा: पाच उघडणारे आणि पाच मिटणारे कंस एका ओळीत किती प्रकारे मांडता येतील? अट एवढीच, की उघडल्याशिवाय कंस मिटायचा नाही. मुलीने ४२ लिहिले. उत्तरसूचीत २५२ होते. दोन गुण गेले, आणि प्रवेश तेवढ्यावरच अडला. तिने बेचाळीसच्या बेचाळीस मांडण्या हाताने लिहून अर्जाला जोडल्या होत्या. बाईंनी एकूण एक तपासल्या. सगळ्या बरोबर.

“दहा जागा, त्यातल्या पाच निवडा, झाले २५२,” अध्यक्ष म्हणाले. बारा वर्षे खुर्ची सोडली नाही म्हणून त्यांना सगळे डिंक म्हणत, अर्थात पाठीमागे. “उगाच कीस काढू नका, बाई.”

“अहो सर, अट कुठे गेली? ही कॅटलान संख्या आहे. पाच जोड्यांच्या बेचाळीसच.”

“मोठमोठी नावं घेऊन घाबरवू नका.”

बाईंनी बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. आत ओलसर चुरा आणि दोन मेलेल्या मुंग्या. “यातून एक बिस्किट काढा.”

“काढेन की! आधी कुणी भरा तरी!”

“तेच म्हणतेय ती मुलगी.”

कानवाले खो खो हसले. डिंकांनी चुरा बोटाने टिपून तोंडात टाकला, बोट चाटले आणि ४२ मान्य केले.

“पण अकरा हजार पेपर पुन्हा कोण तपासणार? तुम्ही? त्यापेक्षा आहेत ते गुण राहू देत, आणि दिलगिरी म्हणून सगळ्यांना सरसकट दोन वाढवू.”

“म्हणजे चुकलेल्यांनाही?”

“कोऱ्या पेपरलासुद्धा. भेदभाव नको.”

हात वर झाले, त्यात कानवाल्यांचाही. सहा विरुद्ध एक.

आठवड्याने नवी यादी लागली. जागा सत्तर होत्या. मुलगी आधी एक्काहत्तरावी होती, आताही एक्काहत्तरावीच होती.